बिल आधी, ऑपरेशन नंतर

आमच्या फील्डमधल्या प्रत्येकाचा एक तरी मित्र 'यूएस हेल्थकेअर'मध्ये असतो. पुण्यात नाहीतर हैदराबादेत बसून अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गुडघ्याचं बिल तो कोडमध्ये बसवत असतो. तिकडे नियम बदलले की इकडे भरती होते, ट्रेनिंग होतं, नाइट शिफ्ट वाढते. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आयसीडी-१० लागू केली आणि निदानाचे सुमारे १४ हजार कोड एकदम ६८ हजारांच्या घरात गेले, त्याच्या कथा हे मित्र अजून सांगतात. पण आरोग्याची योजना बदलली की बिल करणाऱ्याचं काम कसं उलटंपालटं होतं, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या सोलापुरात ते २०१२ साली झालं.

त्याआधी थोडं मागे जाऊ. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआय, आलं. ते लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापले जायचे, मालक आपला वाटा भरायचा, आणि दवाखान्यात गेल्यावर बिल नावाचा कागद कामगाराच्या हातात येतच नसे. रांगा होत्या, तक्रारी होत्या, पण बिल नव्हतं.

जुनी गिरणी १९६३ ला बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी हेही भोंगे थांबले. काम गेलं यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि घरोघरच्या विड्यांच्या सुपात. तिथे पगाराची स्लिप नाही, त्यामुळे बहुतेकांना ईएसआय नाही. राहिले दोनच रस्ते: सिव्हिल, नाहीतर खाजगी. खाजगीत बिल यायचं सगळ्यात शेवटी. खोलीभाडं, ओटी, सर्जन, भूल, रक्त-लघवी, आणि मेडिकलचं वेगळंच. भरती होताना ॲडव्हान्स भरायचा आणि डिस्चार्जच्या दिवशी खरा आकडा कळायचा. मग काउंटरवर 'साहेब, काहीतरी कमी करा', आणि घरी दागिने नाहीतर पतसंस्था. काउंटरवरच्या माणसाचं कसब दोन गोष्टींत: हिशेब बरोबर लावणं आणि पैसे वसूल करणं.

विमा होता, पण तो आपल्यासारख्यांसाठी. मेडिक्लेम आला १९८६ ला. टीपीए, म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामधला दावे बघणारा गडी, त्याचे नियम आले २००१ ला. गरिबांसाठी राज्याची जीवनदायी योजना १९९७ पासून होती, पण हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्याच मोठ्या आजारांपुरती.

मग २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे: गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आपलं सोलापूर. पुणं, नागपूर पुढच्या वर्षी! (कधी नव्हे ते आम्ही पुण्याच्या पुढे.) नमुना होता आंध्रच्या २००७ च्या आरोग्यश्रीचा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, ९७२ प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि उपचार, हप्ता सरकार भरणार.

आता गंमत बघा. या ९७२ पैकी प्रत्येकाला एक कोड आणि एक ठरलेला दर. खाट, नर्सिंग, सर्जन, औषधं, तपासण्या, जेवण, सगळं त्यात. म्हणजे खोलीभाडं आणि ओटीच्या ओळी गायब, बिल एका ओळीचं. ही कल्पना खरं तर एका इंजिनिअरिंगच्या डोक्यातून आलेली आहे. येल विद्यापीठातले रॉबर्ट फेटर कारखान्यांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करायचे. त्यांनी आणि जॉन थॉम्पसन यांनी विचार केला की कारखान्याला जशी उत्पादनं असतात तशी हॉस्पिटललाही असावीत. त्यातून आजारांचे गट निघाले आणि १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअरने गटाप्रमाणे ठोक पैसे द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलं पेशंटला लवकर घरी पाठवू लागली, आणि कोणता कोड लावला यावर कमाई ठरायला लागल्यावर कोड लावणाऱ्याचा भाव वधारला. आपल्या मित्रांच्या नोकऱ्यांचं एक मूळ तिथे आहे.

सोलापुरात तेच झालं, फक्त आणखी एक पायरी पुढे. इथे बिल शेवटून उचलून सुरुवातीला ठेवलं गेलं. पेशंट आला की आधी आरोग्यमित्र कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र बघणार. मग हॉस्पिटलचा माणूस रिपोर्ट अपलोड करून पूर्वमंजुरी मागणार. मंजुरी आली की ऑपरेशन (इमर्जन्सीला फोनवरून कळवून काम सुरू करता येई). त्यानंतर फोटो, डिस्चार्जचे कागद, मग क्लेम. कागद कमी पडला की 'क्वेरी'. उत्तर नीट गेलं नाही तर पैसे कापले जाणार किंवा दावा फेटाळला जाणार. पूर्वीचा वसुली करणारा माणूस आता परीक्षेचा पेपर लिहिल्यासारखा क्लेम लिहायला बसला. पेशंटशी घासाघीस करायचं कारण उरलं नाही, ती आता सरकारशी. दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात ही खाजगी हॉस्पिटलांची तक्रार तेव्हापासून चालूच आहे.

फायदा खरा आहे. ज्या घरात बायपास म्हणजे घर गहाण, तिथे ती कॅशलेस झाली. पण बिल सुरुवातीला आलं की नकारही सुरुवातीलाच येतो. आणि तो कशावर? रेशनकार्डाच्या रंगावर. पिवळं, केशरी आणि शुभ्र हे तीन रंग १ मे १९९९ पासूनचे, धान्याच्या वाटपासाठी केलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर एका जुन्या सिस्टिमची की उचलून दुसऱ्याच सिस्टिमला लावली. गहू-तांदळाच्या रांगेत नाव चुकलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येतं. ऑपरेशनच्या रांगेत तेवढा वेळ नसतो. सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी नावं. कार्डावर एक स्पेलिंग आणि ओळखपत्रावर दुसरं असणं सहज शक्य. आणि विजयपूर-कलबुर्गीकडून पूर्वीपासून इथे येणाऱ्या पेशंटकडे महाराष्ट्राचं कार्डच नाही!

पुढे २०१७ ला योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० ला ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करून मर्यादा ५ लाखांवर नेली. म्हणजे रंगाची अट काढायला अकरा वर्षं लागली. दाखवायला कागद मात्र अजून लागतोच.

आपण सॉफ्टवेअरवाले 'व्हॅलिडेशन एरर' असा लाल अक्षरातला मेसेज टाकतो आणि चहाला जातो. या धंद्यात त्या मेसेजच्या पलीकडे एक माणूस स्ट्रेचरवर असतो. आरोग्यसुधारणा चांगली की वाईट यावर वाद घालायचा असेल तर जरूर घालू, पण त्याआधी कुठल्याही हॉस्पिटलच्या योजनेच्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहून बघा. डॉक्टर भेटायच्या आधी तिथेच बरंच काही ठरतं.

असो. पुढच्या वीकांताला भेटू.