मागच्या सॉकेटाची गोष्ट: सात पिना ते तेरा पिना

आज पिकाची नोंद नाही, वायरीची आहे.

ट्रॅक्टरच्या मागं, हूकच्या आसपास, झाकणाचं एक गोल सॉकेट असतं. सात पिनचं. गावात फिरून झाकणं उघडून बघा. कुणाच्यात चिखल, कुणाच्यात कुंभारमाशीचं घर. प्लग घातलेला दिसला तर त्या मालकाला माझ्याकडून चहा.

हे सॉकेट आलं कुठून, हा प्रश्न मला पडला तो इंग्लंडमुळं. आमचा एक पुतण्या तिकडं असतो. त्यानं मोटारीला टोचन हूक बसवून घेतला, कॅरावॅन ओढायला. कॅरावॅन म्हंजे चाकांवरची खोली: झोपायला पलंग, शेगडी, फ्रिज, सगळं आत. बसवणाऱ्यानं सॉकेटही लावून दिलं. इंडिकेटर लागतात, ब्रेक लाईट लागते, पण फ्रिज काही गार होईना. चौकशी केल्यावर कळलं की तिकडं या कामाचे दोन दर असतात. एक ‘फक्त दिवे’ आणि दुसरा ‘पूर्ण वायरिंग’. सॉकेट बाहेरून दोन्हीत तेच दिसतं. हा फरक फोनवर समजून घेता घेता शंभरहून जास्त वर्षांचा इतिहास हाती लागला, तो इथं लिहून ठेवतोय.

सुरुवात घोड्यांपासून. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टर-लेखकानं मौजेनं भटकण्यासाठी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. मौजेखातर बांधलेली ती पहिली कॅरावॅन मानतात. एवढं मोठं धूड अरुंद रस्त्यानं चाललंय हे समोरच्याला कळावं म्हणून त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढं जायचा, लोकांना सावध करत. इंडिकेटर म्हणा, हॉर्न म्हणा, सगळं काम त्या एका माणसावर. १९०७ मध्ये शौकिनांचा क्लब निघाला, तोही घोडागाडीवाल्यांचाच.

पहिलं महायुद्ध संपलं आणि घोड्याच्या जागी मोटार आली. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीनं मोटारीमागं ओढायच्या कॅरावॅन विकायला बनवल्या. जर्मनीत १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स यांनी ‘वोनआउटो’ बनवली, म्हंजे राहायची मोटार. आणि इथं एक नवीच अडचण उभी राहिली. घोडागाडीत खोली आणि गाडी एकच होती. आता ओढणारा पुढं आणि ओझं मागं. मोटारीची शेपटीकडची लाल बत्ती कॅरावॅननं झाकून टाकली. चालकानं खिडकीतून काढलेला हातही मागच्याला दिसेना. त्या काळच्या मोटारींना इंडिकेटर म्हणून दाराशेजारच्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा, रेल्वेच्या सिग्नलसारखा. तोही कॅरावॅनच्या आडच.

म्हंजे पुढच्या गाडीचं सगळं बोलणं मागच्या गाडीच्या तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. या सॉकेटाचा जन्म त्यासाठी. त्याचे पहिले गिऱ्हाईक चालक नव्हे, कॅरावॅनमध्ये झोपणारेही नव्हेत. रस्त्यावर मागून येणारा परका माणूस हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक.

जो तो आपापल्या पद्धतीनं वायरी जोडू लागला तर एकाची गाडी दुसऱ्याच्या ट्रेलरला चालणार नाही. म्हणून मानक ठरलं. युरोपात सात पिनचं सॉकेट सर्वमान्य झालं, आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा नंबर आयएसओ १७२४. आकड्यांची भाषा जर्मन: ३१ म्हंजे अर्थ, ५४ म्हंजे ब्रेक, ५८ म्हंजे टेल लाईट. ब्रिटनमध्ये याला ‘१२-एन’ म्हणतात, १२ व्होल्टचं नॉर्मल. रंग असे की पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, काळी डावी टेल, तपकिरी उजवी टेल, आणि पांढरी म्हंजे अर्थ, नंबर ३. राहिली नंबर २ची निळी. खरी गंमत तिचीच आहे.

सहा वायरींत दिवे भागत होते, त्यामुळं निळी मोकळी होती. मोकळी वायर दिसली की माणूस तिला काहीतरी जोडतोच, हे आपल्याकडं काय नि तिकडं काय सारखंच. कॅरावॅनवाल्यांनी तिच्यावर आतला दिवा घेतला. झालं, मागच्या परक्या माणसासाठी असलेल्या सॉकेटात आतल्या माणसाचा पहिला वाटा आला. मग ब्रिटनमध्ये नियम आला की १ एप्रिल १९८० पासून पहिल्यांदा रस्त्यावर येणाऱ्या मोटारींना मागं धुक्याचा लाल दिवा हवाच. धुकं तिथलं रोजचं दुखणं. ट्रेलरलाही तो दिवा आला आणि त्यासाठी निळी वायर सरकारनं परत मागून घेतली. आतला दिवा अंधारात!

तोडगा म्हणून दुसरं सॉकेट आलं. ‘१२-एस’, म्हंजे पुरवणी. मानक आयएसओ ३७३२. पहिलं काळं, हे करड्या रंगाचं, आणि चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या पिनांची ठेवणही वेगळी. यात रिव्हर्सचा दिवा, कॅरावॅनच्या बॅटरीला नि आतल्या दिव्यांना कायमचा करंट, आणि फ्रिज. एका हूकाशेजारी दोन सॉकेटं झाली: एक मागून येणाऱ्यासाठी, दुसरं जवळजवळ सगळं आत राहणाऱ्यासाठी. ‘फक्त दिवे’ आणि ‘पूर्ण वायरिंग’ असे दोन दर पडले ते इथून.

फ्रिजबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुतण्याची अडचण तीच आणि आपल्या मोटारपंपवाल्यांना ती लगेच कळेल. कॅरावॅनमधला जुन्या धाटणीचा फ्रिज घरातल्यासारखा काँप्रेसरवर चालत नाही. १९२२ मध्ये स्वीडनच्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या पद्धतीवर चालतो. उष्णता देऊन गारवा काढायचा. ती उष्णता गॅसची चालते, घरच्या विजेची चालते, गाडीच्या १२ व्होल्टचीही चालते. पण १२ व्होल्टवर तो दहा अँपिअरच्या आसपास सतत ओढत राहतो. गाडी बंद करून बराच वेळ थांबलात तर मोटारीची बॅटरी उतरत जाते. म्हणून मध्ये रिले हवा, इंजिन चालू असेल तरच फ्रिजला करंट देणारा.

आणि वायरीची जाडी. आपण विहिरीवर बारीक केबल टाकली तर मोटर गरम होते, शेवटी जळते. इथं फ्रिज जळत नाही, नुसता गार होत नाही. हिशोब करून बघा. मोटारीची बॅटरी पुढं, फ्रिज मागं. जाऊन-येऊन १४ मीटर धरा. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर दहा अँपिअरला दीड व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो. १२ पैकी साडेदहाच्या आत उरलं. उष्णता व्होल्टच्या वर्गात घटते, म्हंजे पाव उष्णता गेली. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर एक व्होल्टच्या आसपास पडतो. म्हणून दिव्यांना बारीक तार चालते, फ्रिजला नि बॅटरीला जाड तार नि जाडच अर्थ लागते. स्वस्तात काम करणारा नेमकी हीच तार वाचवतो.

दोन प्लगांचं लटांबर पुढं एकात आणलं ते तेरा पिनच्या सॉकेटानं, मानक आयएसओ ११४४६. प्लग घालून पिळायचा, की घट्ट बसतो, पाणी शिरत नाही. ब्रिटनमधल्या नव्या कॅरावॅनना २००८ पासून हाच लागतो. यातल्या १ ते ७ पिना जुन्याच सातांचं काम करतात, ८ नंबर रिव्हर्स. ९ कायम करंट आणि तिची अर्थ १३. १० इंजिन चालू असताना, फ्रिजसाठी, आणि तिची अर्थ ११. १२ नंबर राखीव. दोन सॉकेटं होती तेव्हा निदान डोळ्यांना दिसायचं की करडं नाही, म्हंजे फ्रिज नाही. आता तेरा भोकं दिसतात आणि आत आठच वायरी असतात. पुतण्याच्या सॉकेटात हेच निघालं. दिवे तपासले, सगळे लागले, गाडी ताब्यात दिली. खोटं कुणी बोललं नाही, पण ९, १०, ११ आणि १३ यांच्या मागं काहीच नव्हतं. माझ्या मते सोय वाढली आणि लपवायला जागाही वाढली.

तोवर मोटारच बदलली होती. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये डेट्रॉइटला ‘कॅन बस’ मांडली. प्रत्येक दिव्याला वेगळी आज्ञा देण्याऐवजी गाडीतले छोटे संगणक एका जोडतारेवर आपसांत बोलतात. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती बाजारात आली, पुढं सगळीकडं पसरली. जुन्या मोटारीत टेल लाईटच्या वायरीला चिमटा मारून ट्रेलरची वायर जोडली की काम संपायचं. चिमटा मारलेल्या जागी पाणी शिरून वायर हिरवी पडायची तो भाग निराळा. नव्या मोटारीत संगणक दिव्याचा करंट मोजत असतो. जादा दिवे दिसले की त्याला वाटतं बिघाड झाला, मग तो इशारा देतो नाहीतर करंटच तोडतो. म्हणून मोटारीकडून फक्त इशारा घेऊन दिव्यांना थेट बॅटरीवरून करंट देणारी पेटी लागते, किंवा कंपनीचं मॉड्यूल बसवून मोटारीला ‘आता तुला ट्रेलर आहे’ असं कॉम्प्युटर लावून शिकवावं लागतं. याचा फायदाही मोठा आहे. बऱ्याच मोटारी प्लग घातला की मागचा पार्किंगचा भोंगा आपोआप बंद करतात. काहींना ट्रेलर डुलायला लागल्याचं कळतं आणि त्या एकेका चाकाचा ब्रेक दाबून त्याला सावरतात. ‘पूर्ण वायरिंग’ म्हंजे आता फ्रिजपुरतं राहिलं नाही.

एक खोच अजून. जुना रिले व्होल्ट बघून ठरवायचा. साडेतेराच्या वर दिसले की इंजिन चालू. आताचे अल्टरनेटर डिझेल वाचवायला मधूनमधून व्होल्ट खाली आणतात. रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, आणि भर रस्त्यात फ्रिज बंद.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या ट्रॅक्टरमागचं सॉकेट त्याच सात पिनच्या घराण्यातलं. ऊस हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडं निघतात. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या, त्यामुळं ट्रॅक्टरची टेल लाईट मागच्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. स्टेबल्सच्या नंतर जी अडचण तिकडं आली, तीच. मोटरसायकलवाला समोरच्या गाडीच्या उजेडानं दिपलेला असतो आणि उभ्या ट्रॉलीत थेट घुसतो. दर हंगामात पेपरला बातमी असते, आणि पोरगा बहुतेक वेळा पंचक्रोशीतलाच निघतो. कारखाने रिफ्लेक्टर चिकटवतात, ते चांगलंच. पण रिफ्लेक्टरवर पाचट आलं, धूळ बसली की संपलं, आणि ब्रेक मारल्याचं तो सांगत नाही.

वायरिंग जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच ट्रॅक्टरवर टेपला स्वतंत्र फ्यूज, जाड वायर, चार स्पीकर आणि झगमगती लाईट असते. आतल्या माणसासाठीची वायरिंग आपल्याकडंही पूर्ण आहे.

ज्यांना या हंगामाआधी प्लग जोडायचाय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. रंगांवर विसंबू नका, आधीच्या मिस्त्रीनं कुठली वायर कुठं लावली असेल सांगता येत नाही. टेस्ट लॅम्पनं एकेक पिन बघा. आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल, किंवा इंडिकेटर दिल्यावर टेल लाईट लुकलुकत असेल, तर बल्ब बदलत बसू नका. अर्थ गेलेली असते, नंबर ३, पांढरी. करंट मग हूकमधून, ग्रीस नि गंजातून वाट शोधत परततो. ट्रॉलीच्या चासीला रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर, बोल्टनं अर्थ घट्ट आवळा. दुसरी ट्रॉली जोडत असाल तर पहिलीच्या मागंही एक सॉकेट लागेल, आणि तिथपर्यंत केबल लांबते, तेव्हा अर्थ जाड घ्या. कुणी दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत वायरिंग नेलेलं असेल तर खाली फोटो टाका, केबल कितीची वापरली तेही लिहा.