चार सॉकेटांचे शिलेदार

मराठ्यांच्या लष्करी दप्तरांत घोडेस्वारांचे दोन वर्ग आढळतात: सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस हजर होणारा तो शिलेदार. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि युरोपात संगणनाच्या क्षेत्रात जी एक विलक्षण फौज उभी राहिली, तिचे वर्णन करावयास मला या शिलेदार शब्दाहून नेमका शब्द सापडत नाही. भेद एवढाच की, मराठी शिलेदारास सरकारातून वेतन मिळे; या फौजेतील मनुष्य मात्र यंत्र स्वतःचे आणी, त्याची विजेची वैरणही स्वतःच्या खर्चाने घाली, आणि मोबदल्यात आपल्या नावापुढे चढत जाणाऱ्या गुणांच्या आकड्यापलीकडे काही मागत नसे. या फौजेच्या इतिहासातील एक अल्पायुषी परंतु तेजस्वी प्रकरण, म्हणजे बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या हिशेबासाठी घडविलेले चार-चार प्रोसेसरांचे सर्व्हर सामान्य माणसांच्या घरात येऊन प्रथिनांच्या अभ्यासाला जुंपले गेले तो काळ, येथे सांगावयाचा आहे.

आरंभ साधा होता. 1996 साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन जातीच्या अविभाज्य संख्यांचा शोध इच्छुकांच्या संगणकांवर वाटून देण्याची योजना सुरू केली, आणि मे 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठाने सेटी-अ‍ॅट-होम हा उपक्रम लोकांपुढे ठेवला. पोर्टो रिकोतील अरेसिबो येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेले संकेत टेपांवर भरून टपालाने बर्कलीस येत, कारण एवढी माहिती वाहून नेण्याजोगी तार त्या डोंगरात पोहोचलेली नव्हती. मग त्या संकेतांचे सुमारे 107 सेकंदांचे तुकडे पाडून ते जगभरच्या घरांत धाडले जात, आणि परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांची काही खूण त्यांत आहे काय, हे तेथील संगणक मालक झोपलेला असताना तपाशीत बसत. या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. एकाचा तुकडा आठ दिवस पडून राहिला तरी दुसऱ्याचे काम अडत नसे, आणि म्हणून पन्नास लाखांहून अधिक माणसे या कार्यात नावे नोंदवू शकली.

त्याच 1999 साली तैवानातील अ‍ॅबिट या कंपनीने बीपी-6 नावाचा मदरबोर्ड विक्रीस आणला. इंटेल कंपनीने आपला स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकट्याने नांदण्यासाठी विकावयास काढला होता आणि दोन प्रोसेसर जोडण्याचा अधिकार महागड्या जातीकडे राखून ठेवला होता. अ‍ॅबिटने कसलीही डागडुजी न करता दोन सेलेरॉन शेजारी-शेजारी बसतील अशी सोय करून तो निर्बंध मोडून काढला. विंडोज 98 ला दुसरा प्रोसेसर दिसत नसे, म्हणून या बोर्डाच्या धन्यांना विंडोज एनटी किंवा लिनक्स शिकावे लागले, आणि त्या निमित्ताने हौशी लोकांची एक पिढी सर्व्हरच्या विद्येत तयार झाली. लहान प्रोसेसर जोडून मोठ्या यंत्राचे काम साधण्याची कल्पना पुण्याच्या वाचकास तेव्हा अपरिचित नव्हती. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये घडविलेला परम 8000 हा ट्रान्सप्यूटरांच्या समुदायानेच चालत असे. परंतु ते कार्य राष्ट्राच्या खजिन्यातून झाले. बीपी-6 हा माणसाने आपल्या मिळकतीतून घेतला.

एकाहून अधिक सॉकेटांची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसविण्याच्या जागांची, खरी निकड मात्र निराळ्या शास्त्रातून उत्पन्न झाली. 1 ऑक्टोबर 2000 रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांच्या गटाने फोल्डिंग-अ‍ॅट-होम सुरू केले. अमिनो आम्लांची साखळी आपोआप दुमडून तिला प्रथिनाचा आकार कसा येतो, आणि ती चुकीची दुमडली असता अल्झायमरसारखे रोग कसे उद्भवतात, हा त्यांचा विषय. संगणकात हे पाहावयाचे तर प्रत्येक अणूवर कोणते बल कार्य करते ते काढून त्याला किंचित पुढे सरकवावे लागते, आणि हे सरकवणे सुमारे दोन फेम्टोसेकंदांचे असते. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. एका मायक्रोसेकंदाची हकिकत जाणण्यास अशी 50 कोटी पावले टाकावी लागतात, आणि अनेक प्रथिने दुमडण्यास याहून कितीतरी अधिक अवधी घेतात. दुसरे पाऊल पहिल्याच्या आधी टाकता येत नाही, ही या गणिताची मेख आहे. एका दात्याने आपला तुकडा परत धाडल्यावर तो जेथे संपला तेथून पुढचा तुकडा जन्मास येतो आणि दुसऱ्याच्या हाती जातो. मधल्या एकाने हयगय केली तर ती सबंध साखळी खोळंबते. दहा हजार संगणक मिळाले तर दहा हजार निरनिराळ्या साखळ्या चालविता येतील, परंतु एकच साखळी दहा हजार पट वेगाने पळविता येणार नाही. ती पळवावयाची तर एकाच छपराखाली, एकाच मेमरीच्या आधाराने, शक्य तितके कोअर, म्हणजे प्रोसेसरातील स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, एकाच पावलावर झटले पाहिजेत.

म्हणून 2009 च्या सुमारास स्टॅनफर्डने 'बिगअ‍ॅडव्ह' या नावाने फार मोठ्या अणुसमुदायांचे तुकडे वेगळे काढले, निदान आठ कोअर असल्यावाचून ते कोणास द्यावयाचे नाहीत असा शिरस्ता घातला, आणि काम जितके लवकर परत येईल तितके गुण वाढते राहतील अशी बक्षिसीही पुढे जोडली. एखाद्या शास्त्रीय संस्थेने घातलेल्या अटीमुळे बाजारातील यंत्रांची निवड बदलल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

योगायोग असा की, मार्च 2010 मध्ये एएमडी कंपनीने ऑप्टेरॉन 6100 ही श्रेणी बाजारात आणली. फ्रान्समधील मोटार-शर्यतीच्या मैदानावरून तिचे आतले नाव माग्नी-कूर ठेवले होते. सहा-सहा कोअरांच्या दोन चकत्या एकाच आवरणात बसवून तिचे बारा कोअर झाले होते, आणि जी-34 नावाच्या सॉकेटात 1944 संपर्कबिंदू होते. परंतु या श्रेणीचे खरे ऐतिहासिक कार्य किमतीच्या प्रांतातले. तोवर दोन सॉकेटांच्या यंत्रासाठी एक जात आणि चार सॉकेटांसाठी दुसरी जात विकली जाई. आतले सिलिकॉन बहुतांशी तेच, एका प्रोसेसरास दुसऱ्याशी बोलण्याचे दुवे तेवढे एकीत मोकळे आणि दुसरीत बंद ठेवलेले, आणि एवढ्या मुभेसाठी दाम दुपटीहून अधिक. ही चार सॉकेटांवरील जकात एएमडीने उठविली. दोन गिगाहर्ट्झचा आठ कोअरांचा 6128 हा प्रोसेसर 266 डॉलरांस मिळू लागला. चार घेतले की 32 कोअर, तेही सुमारे 1064 डॉलरांत. ज्याची ऐपत अधिक त्याने बारा कोअरांचे चार घ्यावेत आणि 48 कोअरांचा धनी व्हावे.

हे यंत्र घरी उभारणे सोपे नव्हते. सुपरमायक्रो कंपनीचा एच-8-क्यूजी-आय हा बोर्ड एवढा विस्तीर्ण की घरगुती संगणकाच्या पेटीत तो मावत नसे, म्हणून कित्येकांनी तो लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या चौकटीवर मांडला. बारा कोअरांच्या 6174 ची उष्णतेची मर्यादा 115 वॅट. चार मिळून 460 वॅट केवळ प्रोसेसरांचे, आणि तेही अहोरात्र. सर्वांत अवघड बाब मेमरीची होती. प्रत्येक चकतीजवळ तिची स्वतःची मेमरी, म्हणजे चार सॉकेटांत मिळून आठ स्वतंत्र कोठारे; स्वतःच्या कोठारातून माल आणणे जलद आणि दुसऱ्याच्या कोठारातून मंद. लिनक्स आपल्या मर्जीने कामे एका कोअरावरून दुसऱ्यावर हलवीत असे आणि प्रत्येक स्थलांतरात वेळ दवडला जाई, तेव्हा या मंडळींनी प्रत्येक कामास एकेका कोअराशी जखडून ठेवणारी साधने स्वतः लिहिली, आणि काहींनी तर सर्व्हर-बोर्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून त्याची घड्याळगती वाढविली. ज्यांचा पेशा संगणनाचा नाही अशांनीही ही विद्या आत्मसात केली, याचा मला विशेष आदर वाटतो. मोठमोठ्या संस्थांत पगारी तंत्रज्ञ जे करतात ते यांनी दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री केले.

नोव्हेंबर 2011 मध्ये त्याच सॉकेटात सोळा कोअरांचा ऑप्टेरॉन 6200 आला. परंतु त्यात दोन कोअर मिळून अपूर्णांकी गणिताचा एकच विभाग वापरीत, आणि अणूंची बले काढण्याचे काम सगळे त्याच विभागाचे, त्यामुळे संख्या 64 दिसली तरी अनेक जाणकारांनी आपले जुने 48 कोअर सोडले नाहीत.

बिगअ‍ॅडव्हची कोअरांची अट आठावरून सोळा आणि पुढे आणखी वर नेण्यात आली. हे तुकडे थोड्या, अतिबलिष्ठ यंत्रांसाठी राखलेले होते, आणि यंत्रे सर्वत्र बलिष्ठ होऊ लागताच उंबरठा वाढविणे प्राप्त झाले. ज्यांनी खालच्या अटीकडे पाहून पैसा गुंतविला होता त्यांना हे लागले, आणि ते लागणे मला न्याय्य वाटते. उलटपक्षी, दानाचे नियम शास्त्राच्या गरजेने ठरावेत हेही नाकारता येत नाही. इकडे ग्राफिक्स कार्डे दरसाल जोर धरीत होती. अखेर 31 जानेवारी 2015 रोजी बिगअ‍ॅडव्ह बंद झाले, आणि चार सॉकेटांची यंत्रे बाळगण्याचे मुख्य प्रयोजनच सरले.

2016 मध्ये मोठ्या डेटा सेंटरांनी मोडीत काढलेले इंटेलचे आठ कोअरांचे झिऑन ई-5-2670 जुन्या बाजारात भराभर आले आणि त्यांच्या जोड्या जुळवून कित्येकांनी नवी यंत्रे मांडली. जून 2017 मध्ये एएमडीने एपिक ही श्रेणी काढली, तिच्यात दोनच सॉकेटांची सोय ठेवली. चार सॉकेटांचा मार्ग त्या कंपनीने तेथेच सोडला. ऑगस्ट 2019 पासून 64 कोअर एकाच आवरणात मिळू लागले, म्हणजे लाकडी चौकटीवर मांडलेल्या त्या चार ऑप्टेरॉनांहून सोळा अधिक.

मार्च 2020 मध्ये करोनाची साथ पसरली. फोल्डिंग-अ‍ॅट-होमची सूत्रे तोवर सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ग्रेग बोमन यांच्याकडे आली होती. त्यांनी नव्या विषाणूच्या प्रथिनांचे काम हाती घेताच जगभरातून इतके संगणक जोडले गेले की, महिनाअखेर या उपक्रमाची एकत्रित गती एका एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदास एक अब्ज अब्ज गणिते. त्याच महिन्याच्या 31 तारखेस बर्कलीने एकवीस वर्षांनंतर नवे तुकडे वाटणे थांबविले. तेथे फौजेस रजा मिळत होती. इकडे शिलेदार एवढ्या संख्येने दाखल झाले की वाटावयास तुकडे पुरेनात, आणि घरोघरची यंत्रे चालू स्थितीत कामाची वाट पाहत राहिली.