फॅरो हाउंड खरंच इजिप्तचा?

नाव ऐकूनच तुम्हाला पिरॅमिड आठवतील. इजिप्तमधल्या थडग्यांवर अशीच उभ्या कानांची, सडपातळ शिकारी कुत्री रंगवलेली आहेत. त्यामुळे ही जात ५,००० वर्षं जुनी, असं मानलं जायचं. पण हा कुत्रा माल्टाचा! तिथे त्याला 'केल्ब ताल-फेनेक', म्हणजे सशाचा कुत्रा, म्हणतात.

२००४ मध्ये 'सायन्स'मध्ये ८५ जातींच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यात फॅरो हाउंड प्राचीन जातींच्या गटात बसलाच नाही. इतर जातींच्या मिश्रणातून तो अलीकडे पुन्हा घडवला गेला असावा, असं संशोधकांनी सुचवलं.

इथून एक गोष्ट घ्या: सारखं दिसणं म्हणजे एकाच वंशाचं असणं नव्हे. चित्रावरून प्रश्न सुचतो. उत्तरासाठी वेगळा, स्वतंत्र पुरावा लागतो. तुमच्या विषयातलं असं 'चित्र' कोणतं, ते आधी शोधा.