दुसरा प्रबंध : हायडेलबर्ग ते नीराकाठ

मंडळी, आजचा विषय वाचून कुणालाही प्रश्न पडेल, की जर्मनीतल्या विद्यापीठाची एक परीक्षा आणि आपलं कोऱ्हाळे बुद्रुक यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मेंढरांच्या वाटेनं आलेला आहे. पण त्याआधी ती परीक्षा म्हणजे काय ते सांगायला हवं.

आपल्याकडे पीएच.डी. झाली की शिक्षण संपलं असं आपण धरून चालतो. नावामागे डॉक्टर लागतं, गावात सत्कार होतो. जर्मन विद्यापीठात तसं नाही. डॉक्टरेट झाली म्हणजे तुम्ही संशोधन करू शकता एवढंच सिद्ध झालं. विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवायचं असेल तर दुसरा प्रबंध लिहावा लागतो, पहिल्यापेक्षा मोठा, आणि विषय शक्यतो पहिल्यापेक्षा वेगळा. याला ते हाबिलिटात्सिओन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लायक’. प्रबंध मान्य झाला की उमेदवार साधारण तीन विषय सुचवतो, त्यातला एक विद्याशाखा निवडते, त्यावर सगळ्या प्राध्यापकांसमोर व्याख्यान द्यायचं आणि मग प्रश्नांना तोंड द्यायचं. हे पार पडलं की मिळते ती ‘वेनिया लेगेंदी’, म्हणजे शिकवण्याची परवानगी. लक्षात घ्या, परवानगी. नोकरी नव्हे.

बर्लिनचं विद्यापीठ 1810 मध्ये सुरू झालं आणि 1816 च्या त्याच्या नियमावलीत ही पद्धत पक्की झाली. पण पगाराविना शिकवणारा ‘प्रिव्हाटदोत्सेंट’ त्याहून जुना. आम्ही तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे आमची उदाहरणं तिकडचीच येणार. इमान्युएल कान्ट 1755 साली क्योनिग्सबर्गला प्रिव्हाटदोत्सेंट झाला आणि प्राध्यापक झाला 1770 मध्ये. मधली पंधरा वर्षं प्रामुख्यानं विद्यार्थ्यांनी दिलेल्या फीवर काढली. वर्गात पोरं आली तर चूल पेटणार. 1820 मध्ये शोपेनहाउअरनं बर्लिनला ही परवानगी मिळवली आणि हट्टानं आपला तास हेगेलच्या तासाच्याच वेळेला लावला. हेगेलचा वर्ग भरलेला, याचा जवळजवळ रिकामा. परवानगी असून काय उपयोग!

परवानगीच न मिळालेलेही आहेत. वॉल्टर बेन्यामिननं 1925 मध्ये फ्रँकफुर्टला जर्मन शोकनाट्यावरचा प्रबंध दिला. परीक्षकांना तो कळला नाही, आणि नामुष्की टळावी म्हणून त्याला तो मागे घ्यावा लागला. आज तो जगभर अभ्यासला जातो. एमी न्योटर ही विसाव्या शतकातली थोर गणिती. ग्योटिंगेनला 1915 मध्ये तिच्यासाठी प्रयत्न झाला तर विद्याशाखेतले लोक अडून बसले, कारण ती बाई. काही वर्षं तिनं हिल्बर्टच्या नावाखाली व्याख्यानं दिली, आणि 1919 मध्ये कुठे तिला अधिकार मिळाला. माक्स वेबरनं 1917 च्या म्युनिकमधल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितलं होतं, की विद्वत्तेचा धंदा हा जुगार आहे. ज्याच्या घरी पैसा नाही त्यानं या वाटेला जाणं म्हणजे धाडसच. त्यात आणखी एक रिवाज असा, की ज्या विद्यापीठात तुम्ही हा दुसरा प्रबंध करता तिथेच प्राध्यापकपद सहसा देत नाहीत. घरचं माणूस घरातच चिकटू नये म्हणून. आपल्याकडे नेमकं उलटं, असो.

मराठी माणसं जर्मनीत गेली, नावाजली. इरावती कर्वे यांनी 1930 मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेतली, रा. ना. दांडेकरांनी 1938 मध्ये हायडेलबर्गची. दोघंही पुण्याला परतले आणि केवढं काम केलं! पण दुसऱ्या प्रबंधाची पायरी ही तिकडच्या विद्यापीठात राहणाऱ्यासाठी, त्यामुळे ती त्यांच्या वाट्याला आली नाही. आम्हाला आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो उलट्या दिशेनं आलेला. जर्मन माणूस, पण त्याचा दुसरा प्रबंध आपल्या मातीतला.

ग्युन्थर-दिट्स सोन्थायमर, जन्म 1934, उल्म गावचा. मूळचा कायद्याचा विद्यार्थी. लंडनला डेरेट या हिंदू कायद्याच्या मोठ्या अभ्यासकाकडे त्यानं डॉक्टरेट केली, विषय एकत्र हिंदू कुटुंब. म्हणजे स्मृती, टीकाग्रंथ, दायभाग, मिताक्षरा. सगळा पोथीतला भारत. आपल्या पद्धतीत हा माणूस पुढं तीस वर्षं हिंदू कायदाच शिकवत राहिला असता, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती. पण हायडेलबर्गला दुसरा प्रबंध लिहायचा होता, आणि त्यासाठी हा वकील पोथी मिटून धनगरांच्या वाड्यावर येऊन बसला.

वाडा म्हणजे काय ते इथं सांगायला नको. पण ही व्याख्यानं नेटवर ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारा धनगरांचा तळ म्हणजे वाडा. माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर या कमी पावसाच्या पट्ट्यातले मेंढपाळ पाऊस सरला की चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात, काही थेट कोकणात उतरतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. सोन्थायमर मराठी शिकला, या लोकांत राहिला, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या. सुंबरान मांडून रात्र रात्र चालणाऱ्या ओव्या. हा प्रबंध 1976 मध्ये जर्मनमध्ये छापला गेला. शीर्षक आपल्या भाषेत सांगायचं तर ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’. गंमत बघा, पहिला प्रबंध पुस्तकरूपात आला तो 1977 ला, दुसऱ्याच्या मागून!

त्यातलं मुख्य सूत्र आम्हाला फार मोलाचं वाटतं. पुढच्या एका निबंधात त्यानं त्याला दोन जुने शब्द दिले: वन आणि क्षेत्र. वन म्हणजे नुसतं जंगल नव्हे, तर माळ, कुरण, नांगर न लागलेली जमीन, जिथे मेंढपाळ आणि शिकारी वावरतात. क्षेत्र म्हणजे कसलेलं शेत, वसलेलं गाव, आणि तीर्थक्षेत्रही. देव वनातून क्षेत्रात येतो. आधी तो माळावरचा तांदळा, मेंढरांचा राखणदार. मग देऊळ होतं, पुजारी येतो, संस्कृत माहात्म्य रचलं जातं, देव शंकराचा अवतार ठरतो. पण जुनं पुसलं जात नाही. जेजुरीला बघा. म्हाळसा वाण्याची लेक, ती वर गडावर देवाशेजारी. बाणाई धनगराची, तिचं ठाणं खाली अर्ध्या वाटेवर. आणि तिच्यासाठी देव स्वतः मेंढपाळ होऊन मेंढरं राखायला राहिला, ही कथा कुणाला ठाऊक नाही? इथून नीरेच्या काठानं वर गेलं की वीरचा म्हस्कोबा. माघी पौर्णिमेला त्याचं जोगेश्वरीशी लग्न लागतं, आणि त्याला आणणारा भक्त कमळाजी धनगर.

हे सूत्र कळायला कोऱ्हाळ्याइतकी चांगली जागा नाही. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती तालुक्याचे दोन तालुके झाले म्हणा ना. कालव्याखाली ऊस, कारखाने, बागायत. वरच्या अंगाला सुपे, मोरगाव, लोणी भापकर, तिकडे जिरायत आणि माळ. क्षेत्र आणि वन समोरासमोर, मध्ये पाण्याची एक रेघ. मेंढरं मात्र ही रेघ ओलांडून येतात-जातात.

आता वादाचा मुद्दा. या पद्धतीचे जर्मनीत टीकाकार खूप आहेत. माणूस चाळिशीला येतो तरी त्याची परीक्षा चालूच. 2002 मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं कनिष्ठ प्राध्यापकपद काढलं आणि दुसरा प्रबंध मोडीतच काढायला निघालं. 2004 मध्ये घटना न्यायालयानं तो कायदा रद्द केला, कारण केंद्रानं राज्यांच्या अधिकारात हात घातला होता. पुढं कनिष्ठ प्राध्यापकपद राहिलं, आणि दुसरा प्रबंधही राहिला. टीका खरी आहे. न्योटरचं काय झालं ते आपण पाहिलं. तरीही आमचं मत असं, की आपण या पद्धतीतली क्रूरता टाळली ती बरं केलं, पण तिच्यातली सक्तीची नवी सुरुवातही टाकून दिली. 2010 पासून आपल्याकडे बढतीसाठी एपीआयचे गुण मोजू लागले. शोधनिबंधाला इतके, चर्चासत्राला इतके. पन्नास पानी कामाचे दहा तुकडे केले की गुण वाढतात. दहा वर्षं एखाद्या वाड्याबरोबर हिंडणाऱ्याला त्या तक्त्यात रकाना कुठे आहे? आम्ही अशा समित्यांवर बसलो आहोत, आणि चांगल्या हुशार मुलांना पहिल्याच प्रबंधाच्या विषयावर निवृत्तीपर्यंत रवंथ करताना पाहिलं आहे.

एक प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. सोन्थायमरला परवानगी मिळाली, पण ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांना काय मिळालं? प्रश्न रास्त आहे. ओवीकाराचं शिक्षणही वर्षानुवर्षांचं असतं. आधी मागे उभं राहून झील धरायची, मग एखादा तुकडा, मग कधीतरी सुंबरान आपल्या तोंडून. गाऊन झालेला भाग पुन्हा साध्या बोलीत सांगावा लागतो, म्हणजे अर्थ कळला आहे की नुसतं पाठ आहे ते ऐकणाऱ्यांना समजतं. त्याची ‘विद्याशाखा’ घोंगड्यावर समोर बसलेली असते. तिची सनद हायडेलबर्गच्या कागदावर येत नाही, आणि पुस्तकावर नाव छापलं जातं ते लिहिणाऱ्याचं.

जर्मन पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केला, तो 1989 मध्ये आला. सोन्थायमर 1992 मध्ये गेले, साठी गाठण्याआधीच. त्यांनी टिपून ठेवलेल्या ओव्यांपैकी दोन, एक बिरोबाची आणि एक धुळोबाची, पूर्ण पाठ आणि भाषांतरासह 2014 मध्ये छापून आल्या. फेल्डहाउस यांच्याबरोबर त्या पुस्तकावर रामदास आटकर आणि राजाराम झगडे ही नावं आहेत.