घूस

मुंबईत घाटकोपरच्या चाळीत दिसणारा ‘मांजराएवढा उंदीर’ म्हणजे घूस. दोन जाती प्रमुख : आकाराने लहान घूस आणि थोराड मोठी घूस. मोठीचे वजन किलोच्या घरात जाते. अंगावर राठ, काळपट केस, जाड खवलेदार शेपूट. कोंडीत सापडली की केस फुलवून डुकरासारखी गुरगुरते.

मोठीला पाण्याचे वावडे नाही. ती उत्तम पोहते, बुडीही मारते, धान्य-कंदांबरोबर गोगलगायी, खेकडेही खाते. त्यामुळे अंधेरीचा मोगरा नाला किंवा बोरिवलीजवळची दहिसर नदी तिला अडसर ठरत नाही. बीळ ओलसर जमिनीत, भिंतीच्या पायाशी असते. तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग दिसला की ओळखावे. पाया पोखरून ओटा खचतो तो या बिळांमुळेच.

उंदीर-घुशी मारण्यासाठी मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग रात्री काठी-बॅटरी घेऊन मूषक संहारक पाठवतो. उकिरड्यावर उतरून करायचे हे काम अत्यंत कष्टाचे आहे आणि शहराने त्याची पुरेशी कदर केलेली नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात मिसळतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास वाचकांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. – संपा.