तिसरा रूळ आणि पुठ्ठ्याची पट्टी

जुनी वस्तू साधन म्हणून वापरणार असाल, तर माझी ही चूक आधी वाचा.

टेबलावर लायनल या अमेरिकन कंपनीचा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा विजेच्या खेळण्यातल्या गाडीचा सेट होता. इंजिन गुणगुणत होतं, पण हलत नव्हतं. मी वहीत लिहून टाकलं, "मोटर जळाली." साफ चूक!

आवाज मोटरचा नव्हताच, ई-युनिटचा होता. हा दिशा बदलणारा स्विच. या मोटरच्या फील्ड आणि आर्मेचरमधून एकच करंट जातो. त्यामुळे रुळाच्या वायरी उलट्या जोडल्या तरी दोन्हींची दिशा एकदम पलटते आणि गाडी पूर्वीच्याच दिशेने धावते. मागे न्यायची तर दोघांपैकी एकाचीच जोडणी पलटावी लागते. करंट तोडून पुन्हा दिला की ई-युनिटमधला छोटा ड्रम एक घर सरकतो: पुढे, थांबा, मागे, पुन्हा थांबा. माझा ड्रम मळामुळे 'थांबा'वरच अडकला होता. पुसल्यावर गाडी निघाली. (ट्रान्सफॉर्मर अमेरिकन घरांसाठीचा, आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला तर जळेल.)

खरी चूक मात्र त्याआधीच झाली होती. गाडी चालत नाही म्हणून मी सगळे रूळ सुटे करून घासले. एका तुकड्यात बाहेरच्या रुळाखाली पुठ्ठ्याची पट्टी होती आणि टोकांना लोखंडी पिनांऐवजी तासलेल्या काड्या. 'पोरांचा उद्योग' म्हणून मी ते काढून टाकलं. फोटो नाही, नोंद नाही.

लायनलने तीन रूळ 1906 मध्ये आणले. करंट मधल्या रुळातून येतो आणि चाकांमधून बाहेरच्या दोन्ही रुळांवाटे परत जातो. खऱ्या गाडीला असा मधला रूळ नसतो. प्रतिस्पर्धी अमेरिकन फ्लायरने 1946 मध्ये दोन रुळांची गाडी काढली, ती जास्त खरी दिसे. माझ्या कच्च्या प्रकरणातही तिसरा रूळ म्हणजे 'वास्तवाशी तडजोड' असंच होतं.

पण दोन रुळांत मार्ग वळून स्वतःलाच मिळाला की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तीन रुळांत बाहेरचे दोन्ही सारखेच, ही भानगडच नाही. शिवाय त्यातला एक रूळ थोड्या लांबीपुरता वेगळा तोडता येतो. दुसऱ्यावरून करंट परततच असतो, म्हणून गाडी थांबत नाही. पण चाकं त्या तुकड्यावर आली की आसामधून दोन्ही रूळ जोडले जातात आणि त्याला लावलेला सिग्नल पेटतो. खऱ्या रेल्वेतलं ट्रॅक सर्किट याच तत्त्वावर चालतं. विल्यम रॉबिन्सनचं त्याचं अमेरिकन पेटंट 1872 चं आहे.

म्हणजे कुणीतरी घरच्या घरी, पुठ्ठा आणि काड्यांनी, ट्रॅक सर्किट बनवलं होतं. जाहिरातीत किंवा कॅटलॉगमध्ये हा माणूस सापडणार नाही. तो त्या पट्टीत होता.

आता मी आधी जागेवरच फोटो घेते, प्रत्येक तुकड्याला नंबर देते, वायरींचा कच्चा नकाशा काढते, मग फडकं हातात घेते. 'तडजोड' हा शब्द प्रकरणातून खोडला. पट्टीची हकीकत मात्र तळटीपेत गेली, कारण ती कोणत्या तुकड्याखाली होती हे मलाच आठवत नाही.