करंट कोण खातंय?

गळीत हंगाम तोंडावर आला की कराड, विटा, तासगावकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला श्वास घ्यायला सवड नसते. पावसाळाभर उभे असलेले ट्रॅक्टर आणि कॅम्पर पिकअप एकाएकी कामाला काढायचे असतात. तक्रार ठरलेली: बॅटरी नवी आहे, पण चार दिवस गाडी उभी राहिली की उतरते. मिस्त्री म्हणतो, "कायतरी करंट खातंय." ते खाणारं हुडकायची रीत बरीच जुनी आहे.

या भागात इंजिनं आधी आली, बॅटरीची काळजी नंतर. सातारा रोडचा कूपर कारखाना १९२२ चा. डिझेल इंजिनाला हँडल मारलं की काम भागायचं. साताऱ्यात बनलेली प्रिया स्कूटरही किकवर चालू व्हायची. तिकडे अमेरिकेत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅकला बसला होता. तो सेल्फ जसजसा आपल्या गाड्यांत आला, तसतशी गाडी बॅटरीच्या मर्जीवर गेली.

शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. ती उतरते म्हणजे आत नेमकं काय होतं, हे ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ साली मांडलं: ॲसिडातलं सल्फेट प्लेटींवर जाऊन बसतं आणि मागे पाणी वाढतं. म्हणून गॅरेजात आधी बघितली गेली ती ग्रॅव्हिटी. काचेच्या नळीतला हायड्रोमीटर '१२६०' दाखवू लागला की बॅटरी भरलेली, ११५० च्या खाली गेला की उतरलेली. व्होल्टमध्ये हेच बघायचं तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावावा, १२.६ च्या आसपास भरलेली, १२.२ ला निम्मी.

पण किती उरलं हे कळलं, तरी कोणी खाल्लं हे कळत नाही. त्यासाठी मिस्त्रीने टेस्ट लॅम्प हाती घेतला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि वायर व बॅटरी यांच्यामध्ये इंडिकेटरचा बल्ब धरायचा. चावी बंद असूनही बल्ब पेटला, तर कुठेतरी लीकेज आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्याच लाइनवर चोर. कधी डेकचा ॲम्प्लिफायर, कधी दार लावूनही न विझणारा रूम लाइट.

याला जुगाड म्हणणं मला मुळीच पटत नाही. डोनाल्ड मॅकेडी या ब्रिटिश टपाल खात्याच्या इंजिनिअरने १९२३ साली अॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा अॅव्होमीटर बाजारात आणला, तो मोठाच माणूस. पण थेट शॉर्ट असलेल्या लाइनवर अॅम्पिअर मोजायला गेलात, तर मीटरचा फ्यूज उडतो. बल्ब तिथे फक्त लख्ख पेटतो, वायर जळू देत नाही. मोजणं आणि राखणं एकाच काचेत.

त्याची मर्यादाही खरी आहे. २१ वॅटच्या बल्बला पुरता पेटायला पावणेदोन अॅम्पिअर लागतात. ट्रॅकर किंवा स्टिरिओ ०.१ अॅम्पिअर ओढत राहिला, तर बल्ब काळाच राहतो. पण दिवसाला २.४ अॅम्पिअर-अवर जातात आणि ८० ची बॅटरी सतरा दिवसांत निम्मी होते. इथे डिजिटल मल्टिमीटरला पर्याय नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक पेच आला. चावी काढल्यावर त्यांचे कंट्रोलर अर्धा तास तरी जागे राहू शकतात, आणि फ्यूज उपसून परत बसवला की पुन्हा जागे होतात. म्हणून आता जाणते मिस्त्री फ्यूज जागेवरच ठेवतात आणि त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मीटरच्या सुया लावतात. जॉर्ज ओहमचा १८२७ चा नियम इथे कामी येतो: करंट वाहत असेल तर फ्यूजच्या दोन टोकांत मिलिव्होल्टभर का होईना, फरक पडतोच. ज्या फ्यूजवर आकडा शून्य नाही, त्या लाइनपासून वायरिंग सोडायला सुरुवात करायची.